दहावीनंतर काय? – त्वचेची निगा : हाताने शिकायची विद्या



दहावीचा निकाल लागला की घरोघरी विज्ञान, वाणिज्य की कला ही चर्चा सुरू होते. ब्यूटी पार्लरच्या कोर्सचे नाव निघालेच तर ‘काही जमले नाही तर ते आहेच’ असे सहज म्हटले जाते. हा समज किती चुकीचा आहे, हे या अंकात आपण पाहू.

त्वचेची निगा राखणाऱ्या व्यावसायिकाला एस्थेटिशियन म्हणतात. हा डॉक्टर नव्हे. रोगाचे निदान आणि औषध हे त्वचारोगतज्ज्ञाचे काम. फेशियल, मसाज, वॅक्सिंग, थ्रेडिंग ही एस्थेटिशियनची कामे. ती मुलींप्रमाणे मुलेही करतात.

हात कसा बसतो?

वॅक्सिंगचेच उदाहरण घेऊ. वॅक्स आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून किती गरम आहे ते पाहायचे. ते केसांच्या वाढीच्या दिशेने पातळ पसरायचे. मग एका हाताने त्वचा ताणून धरायची आणि दुसऱ्या हाताने पट्टी उलट दिशेने, त्वचेलगत, एका झटक्यात ओढायची. पट्टी वर उचलून ओढली तर केस तुटतात, कातडीला इजा होते. त्वचेला लागलेला चमचा पुन्हा वॅक्सच्या डब्यात घालायचा नाही. त्यातून एकाचा संसर्ग दुसऱ्याला होऊ शकतो. वाचायला हे दोन मिनिटे लागतात, पण हातात यायला कित्येक आठवडे जातात. म्हणून आधी स्वतःच्या पायावर, मग वर्गमैत्रिणीवर आणि शेवटी ग्राहकावर, असा क्रम असतो.

‘नाही’ म्हणणे

याहून अवघड धडा म्हणजे कधी हात लावायचा नाही हे ओळखणे. जखम, पुरळ, नायटा किंवा उन्हाने भाजलेली त्वचा असेल तर उपचार टाळायचा. मुरुमांसाठी रेटिनॉइड औषध चालू असेल तर त्वचा नाजूक झालेली असते आणि वॅक्सबरोबर सालपटे निघू शकतात. म्हणून आधी विचारपूस करायची. केसांचा रंग लावण्यापूर्वी तो कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून ४८ तास वाट पाहायची. यालाच पॅच टेस्ट म्हणतात. ‘उद्याच लग्न आहे, लावून टाका’ असे ग्राहक म्हणते, तेव्हा नम्रपणे नकार देण्यातच शिक्षणाची खरी परीक्षा होते.

कोठे शिकाल?

दहावी उत्तीर्ण झालेल्यांसाठी आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजी हा १ वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्याच्या १२०० तासांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकाचे असतात. उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. प्रत्येक आयटीआयमध्ये हा विषय असतोच असे नाही, म्हणून आधी चौकशी करावी.

पालकांसाठी

खासगी क्लासची फी भरण्यापूर्वी एवढे अवश्य विचारा :

१. रोज किती तास प्रत्यक्ष काम करायला मिळेल?
२. एका शिक्षिकेमागे किती विद्यार्थी?
३. अवजारे निर्जंतुक कशी करतात? ते दाखवाल का?
४. प्रमाणपत्र कोणाचे? त्याला सरकारी मान्यता आहे का?

चकचकीत आरसे पाहून नव्हे, तर या उत्तरांवरून क्लास निवडावा. विश्वस्त मंडळालाही आमची विनंती आहे, की दहावीच्या व्यवसाय मार्गदर्शनात या विषयाचे एक प्रात्यक्षिक ठेवावे.

दुसऱ्याचा चेहरा विश्वासाने आपल्या हाती येतो. तो विश्वास सांभाळणारे काम हलके कसे असेल?

स्वाध्याय

१. वॅक्सची पट्टी त्वचेलगत का ओढतात?
२. पॅच टेस्टसाठी ४८ तास का थांबावे? विज्ञानाच्या शिक्षकांशी चर्चा करा.
३. घरी लावल्या जाणाऱ्या उटण्यातील घटकांची यादी करा.