कोकणच्या सहलीत विंचवापासून बचाव: खर्च किती?

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. कोकणात सुट्टीला गेलं की बिऱ्हाड आपलं असतं आणि विंचू त्यात शिरायला बघतो. जांभ्याचा गडगा, जळणाची लाकडं, नारळाच्या सोडणांचा ढीग या लाल विंचवाच्या आवडत्या जागा. काळा विंचू आकारानं दांडगा, पण भीती धरायची ती या छोट्या लाल्याची.

पैसे खर्च करायचेच तर आधी अल्ट्राव्हायोलेट टॉर्चवर करा. ऑनलाइन साधारण ३०० ते ५०० रुपयांना मिळते. तिच्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. रात्री अंगण, न्हाणीघर, पलंगाखालचा कोपरा दोन मिनिटांत पाहून होतो. नुकती कात टाकलेला विंचू मात्र चमकत नाही, तेव्हा टॉर्च आहे म्हणून अनवाणी हिंडू नका. मच्छरदाणी ३०० ते ६०० रुपयांची, कडा गादीखाली खोचलेली हवी. नाहीतर ती फक्त डासांसाठी.

बाकी सारं फुकट: पलंग भिंतीपासून हातभर लांब, बॅगेची चेन बंद, कपडे खुंटीवर न टांगता आत, आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय आत नाही.

चावलाच तर? नुसती कळ असेल तरी डॉक्टरांना दाखवा. घामाच्या धारा, उलट्या, हातपाय गार किंवा धाप लागली, तर एक मिनिटही दवडू नका. विष हृदयावर ताण आणतं, फुप्फुसात पाणी भरू शकतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात इथेच प्राझोसिनची गोळी वापरून मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं खाली आणलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी तशी स्वस्त, पण ती स्वतःच घेऊ नका. रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून रुग्णाला आडवं ठेवून, डॉक्टरांच्या नजरेखालीच ती द्यायची. तिच्याबरोबर विंचवाच्या विषावरचं प्रतिविषही देतात.

१०८ची रुग्णवाहिका मोफत. खासगी दवाखान्यात अतिदक्षता विभागात जावं लागलं तर बिल हजारांत जातं. म्हणून प्रवास विमा असेल तर विंचूदंश त्यात बसतो का, ते आधीच विचारून घ्या. विंचू उतरवणाऱ्याकडे जाण्यात खर्ची पडतो तो वेळ, आणि तोच सगळ्यात महाग. खोली बुक करताना ‘एसी आहे का’ याच्या जोडीला घरमालकाला एवढंही विचारा: जवळच्या सरकारी दवाखान्यात रात्री डॉक्टर असतात का, आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो?