मुटका जमला, वडी फसली

सफरचंदाचे क्रंबल बार पहिल्यांदा केले, तेव्हा कापायला गेले तर आतलं सगळं सुरीमागून वाहत आलं. पुढच्या दोन हिवाळ्यांत जे शिकले, ते असं.

१. ओट्स जाड, चपटे घ्यावेत, जाड पोह्यांसारखे दिसणारे. दोन मिनिटांत शिजणाऱ्या बारीक ओट्सचा तळ पिठूळ होतो, खुसखुशीत नाही.

२. दीड कप ओट्स, एक कप कणीक, पाऊण कप गुळाची पावडर आणि १२० ग्रॅम थंड बटर. बोटांच्या टोकांनी चोळायचं, मळायचं नाही. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको. पुरेसं झालं हे कसं कळणार? करंजीचं मोहन बघतो तसंच. मुठीत दाबल्यावर मुटका वळला पाहिजे आणि बोट लावताच फुटला पाहिजे. माझ्या हाताला हे दिवाळीनं आधीच शिकवलं होतं.

३. फळाचं पाणी कढईतच आटवावं. माझी पहिली फजिती इथलीच. फोडी कच्च्याच घातल्या होत्या. आता तीन सफरचंदांच्या बारीक फोडी साखर-लिंबू घालून सात-आठ मिनिटं शिजवते. मग चमचाभर कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून घालते आणि रटरटू देते. नुसतं गरम करून भागत नाही, उकळी आली तरच रस दाट होतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी असेल तर आणखी आटवावं लागतं, तिच्यात सुमारे नव्वद टक्के पाणीच.

४. मसाल्याला हात आखडता. एक छोटा चमचा दालचिनी, पाव चमचा सुंठ, जायफळ किसणीवर दोनदा फिरवलं की पुरे. सवयीनं वेलची घातली त्या दिवशी घरभर श्रीखंडाचा वास सुटला होता.

५. दोन तृतीयांश चुरा आठ इंची चौकोनी टिनमध्ये वाटीच्या बुडानं थापून १८० अंशांवर १५ मिनिटं आधी भाजून घ्यावा, म्हणजे तळ ओला राहत नाही. त्यावर फळ, वर उरलेला चुरा नुसता भुरभुरायचा. पुन्हा अर्धा तास. माझा ओटीजी मागच्या बाजूला जास्त तापतो, म्हणून टिन मध्येच फिरवते. कडेनं रस बुडबुडू लागला की झालं.

६. नारळाच्या वड्या कोमट असतानाच कापायच्या, हे हाताला पक्कं ठाऊक. तोच हात इथे दगा देतो. बटर आळायला आणि रस घट्ट व्हायला पूर्ण गारवा लागतो. दोन तास ओट्यावर, एक तास फ्रिजमध्ये, मगच सुरी. टिनच्या दोन्ही कडांना बटर पेपर बाहेर सोडला, तर अख्खी लादी उचलून काढता येते.

७. तरीही फसलेच, तर वाटीत वाढावेत आणि वर साय घालावी. क्रंबल मुळात चमच्यानं खायचाच पदार्थ. पहिल्या खेपेला सासूबाईंनी वाटी चाटूनपुसून संपवली आणि मग विचारलं, “छान झालंय गं, पण वड्या करणार होतीस ना?”