पणजोबा फ्रीमेसन होते? आधी पदक उलटून बघा, मग कार्ड काढा

घरातल्या जुन्या ट्रंकेतून गुण्या आणि कंपासचं चिन्ह असलेलं पदक निघालं, की ‘पणजोबा फ्रीमेसन होते म्हणे’ ही इतके दिवस हसण्यावारी नेलेली गोष्ट एकदम खरी वाटायला लागते. ती खरी असूही शकते. मुंबईत पहिलं इंग्लिश लॉज, म्हणजे फ्रीमेसन मंडळींची शाखा, १७५८ सालचं. १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढलं, ते इथल्या लोकांना सभासद होता यावं म्हणूनच. सुरुवातीच्या सभासदांत पारशी मंडळी ठळक होती, मग हळूहळू इतरही वाढले. या सभासदांच्या नोंदी आजही शोधता येतात. फक्त लोक पहिला खर्च चुकीच्या दारात करतात.

पहिलं काम फुकटचं आहे. पणजोबा कोणत्या ‘घराण्याच्या’ लॉजमध्ये होते, ते ठरवा. स्वातंत्र्यापूर्वी इथली लॉजेस इंग्लंड, स्कॉटलंड किंवा आयर्लंडच्या ग्रँड लॉजच्या सनदेवर चालत आणि तिघांची दफ्तरं वेगवेगळी. लॉजच्या क्रमांकापुढे ई.सी., एस.सी. किंवा आय.सी. अशी अक्षरं असतात, ती याचीच खूण. लॉजचं अध्यक्षपद भूषवलेल्याला जे पदक मिळे, त्याच्या मागे बहुधा नाव, लॉजचा क्रमांक आणि साल कोरलेलं असतं. भिंग घेऊन बघा. पदक इंग्लंडात घडवलेल्या चांदीचं असेल तर बारीक शिक्के दिसतील. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, आणि शेजारचं अक्षर सालाचं. बैठकीत बांधायचा एप्रनही बोलका असतो. इंग्लिश लॉजच्या साध्या सभासदाच्या एप्रनला फिकट निळी किनार असते. स्कॉटिश लॉजेस मात्र आपापले रंग ठरवतात, त्यामुळे हिरवी किंवा किरमिजी किनार दिसली तर एडिंबरोच्या ग्रँड लॉजकडे वळा. मुंबई इलाख्यात स्कॉटिश लॉजेसचं प्रस्थ मोठं होतं, म्हणून हे आधी बघायचं.

त्यानंतर दोन फुकट साइट्स. ‘लेन्स मेसॉनिक रेकॉर्ड्स’वर इंग्लिश लॉजेसची स्थापना, बैठकीच्या जागा आणि बदललेले क्रमांक मिळतात. हे लागतंच, कारण इंग्लंडने १८६३ मध्ये सगळे क्रमांक नव्याने लावले. १८६० च्या कागदावरचा क्रमांक आणि १८७० च्या कागदावरचा क्रमांक वेगळा दिसला, तर पणजोबांनी लॉज बदललं असं लगेच समजू नका. दुसरी साइट ‘मेसॉनिक पीरियॉडिकल्स ऑनलाइन’. जुन्या मेसॉनिक मासिकांतले बैठकांचे वृत्तांत तिथे नाव टाकून शोधता येतात.

आता पैशाचं. इंग्लंडच्या ग्रँड लॉजची १७५१ ते १९२१ ची सभासद-रजिस्टरं ‘अ‍ॅन्सेस्ट्री’ या सशुल्क साइटवर आहेत आणि त्यांत हिंदुस्थानातली इंग्लिश लॉजेसही येतात. आयर्लंडची रजिस्टरंही तिथेच आहेत. आधी फुकट खातं उघडून नाव शोधा. निकालांची यादी दिसते, मूळ पानाला कुलूप असतं. यादीत काही दिसलं तरच पुढे जा. अमेरिकी साइटवरचं सर्वांत स्वस्त पॅकेज फक्त अमेरिकेतल्या नोंदी दाखवतं, ते घेऊन उपयोग नाही. परदेशी नोंदींसह एका महिन्याचं पॅकेज साधारण दोन-चार हजार रुपयांच्या घरात जातं. १४ दिवसांची मोफत चाचणी असते, पण कार्ड आधी द्यावं लागतं आणि मुदत संपली की पैसे आपोआप कापले जातात. रद्द करायची तारीख त्याच दिवशी मोबाइलमध्ये लावून ठेवा. भारतीय कार्डावर परकीय चलनाचा आकार वेगळा लागतो. बँक ३.५ टक्के घेत असेल, तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून दर हजाराला सुमारे ४१ रुपये जादा. सहा महिन्यांचं पॅकेज घेऊ नका. हे काम दोन संध्याकाळचं आहे. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत भाचा-पुतण्या असेल तर तेही पैसे वाचतील, कारण तिथल्या अनेक सार्वजनिक वाचनालयांत ही साइट फुकट वापरता येते.

नाव शोधताना स्पेलिंगचा हट्ट सोडा. नाना शंकरशेटांचं नाव त्या काळी इंग्रजीत ‘जगोनाथ संकरसेट’ असं छापलं जाई. तेव्हा आडनाव सापडलं नाही तर वडिलांचं नाव टाका, नुसतं लॉजचं नाव टाका.

सापडलेल्या ओळीत वय, व्यवसाय, राहण्याचं ठिकाण आणि फ्रीमेसनरीतल्या तीन पदव्यांच्या तारखा मिळतात. कधी वयाऐवजी नुसती रेघ असते. प्रवेशाचं किमान वय सहसा २१ असे; पण लेखक किपलिंग १८८६ मध्ये लाहोरच्या लॉजमध्ये विसाव्या वर्षीच दाखल झाला, खास परवानगीने. म्हणजे प्रवेशाच्या सालातून २१ वजा करून जन्मसाल काढणं हा अंदाजच. शेऱ्यात ‘एक्सक्लूडेड’ दिसलं तर दचकू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ वर्गणी थकली एवढाच.

१९२१ नंतरच्या इंग्लिश नोंदींसाठी लंडनच्या म्यूझियम ऑफ फ्रीमेसनरीला आणि स्कॉटिश नोंदींसाठी एडिंबरोच्या ग्रँड लॉजला ईमेल करा. फी किती, हे आधी लेखी विचारा. अशी फी शोधण्याची असते, सापडण्याची नाही. २४ नोव्हेंबर १९६१ ला ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झालं आणि इथली बरीच लॉजेस तिकडे गेली. त्यामुळे त्यानंतरच्या सभासदासाठी मुंबईत फोर्टमधल्या फ्रीमेसन्स हॉलला साधं पत्र टाका. नाव, लॉज, अंदाजे साल आणि तुमचं नातं लिहा.

या रजिस्टरांत वडिलांचं नाव, बायको, मूळ गाव यांचे वेगळे रकाने नाहीत. वारसनोंद किंवा जातपडताळणीसाठी त्यांचा उपयोग होत नाही. त्या कामासाठी यावर एक रुपयाही घालू नका.