सोरायसिस : बंद न होणारा अलार्म

गेल्या वर्षी आमच्या विंगमध्ये एक मुलगा राहायला आला. कोपरांवर, गुडघ्यांवर लालसर चट्टे आणि त्यांवर चंदेरी खपल्या. आठवड्याभरात दोरीवर त्याच्या टॉवेलशेजारची जागा रिकामी राहू लागली. मेसमध्ये त्याच्या बाजूची खुर्ची सगळ्यात शेवटी भरायची. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण भीती प्रत्येकाला होती. मीसुद्धा माझी बादली उचलून खोलीत ठेवली होती. एका रात्री चहा पिताना तोच म्हणाला, "अरे, हा सोरायसिस आहे. माझा टॉवेल वापरलास तरी तुला होणार नाही." खरं सांगतो, लाज वाटली. म्हणून हा विषय वाचून काढला. जे समजलं ते इथे मांडतो.

मित्रांनो, गॅदरिंगला माईक स्पीकरसमोर आला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. स्पीकरचा आवाज माईकमध्ये, तिथून अॅम्प्लिफायरमध्ये आणि पुन्हा स्पीकरमध्ये. यालाच आपण पेपरात पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतो. सोरायसिसमध्ये त्वचेत नेमकं हेच घडतं.

आपल्या रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप पाठवतात ते सायटोकाइन नावाच्या छोट्या प्रथिनांमार्फत. जखम झाली, जंतू शिरले की हे निरोप सुटतात. तिथे रक्तपुरवठा वाढतो, जागा लाल होते, सुजते. काम संपलं की निरोप थांबतात आणि सूज उतरते. सोरायसिसमध्ये ते थांबतच नाहीत.

साखळी साधारण अशी आहे. त्वचेतल्या डेंड्रिटिक पेशी, म्हणजे आपले पहारेकरी, इंटरल्यूकिन-२३ सोडतात. त्यामुळे काही टी-पेशी चेकाळतात आणि इंटरल्यूकिन-१७ सोडतात. हा निरोप मिळताच त्वचेच्या पेशी भराभर वाढू लागतात. एरवी तळाशी तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. इथे तेच काम काही दिवसांत उरकतं. अर्धवट तयार झालेल्या पेशींचा थर साचतो, त्याच त्या खपल्या. शिवाय या पेशी स्वतःही निरोप सोडून आणखी पहारेकरी बोलावून घेतात. लूप पूर्ण! टीएनएफ नावाचा आणखी एक सायटोकाइन यात अॅम्प्लिफायरचं काम करतो.

म्हणजे दोष सिग्नलिंगमध्ये आहे. या रोगाची लागण होत नाही, कारण एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा जंतू इथे नाहीच. आनुवंशिकतेचा भाग असतो. घशाचा संसर्ग, मानसिक ताण, त्वचेला झालेली इजा यांनी तो उफाळू शकतो.

पूर्वी हा फक्त त्वचेचा दोष मानला जाई. १९७९ साली सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिल्यावर रुग्णांचे चट्टे कमी झाल्याचं दिसलं आणि संशयाची सुई टी-पेशींकडे वळली. पुढे साखळीतली एकेक कडी तोडणारी इंजेक्शनं आली. अमेरिकेत सोरायसिससाठी टीएनएफ अडवणारं इटॅनरसेप्ट २००४ मध्ये, इंटरल्यूकिन-१७ अडवणारं सेक्युकिनुमॅब २०१५ मध्ये, तर इंटरल्यूकिन-२३ अडवणारं गुसेलकुमॅब २०१७ मध्ये मंजूर झालं. अख्ख्या हॉस्टेलची लाईट घालवण्याऐवजी एकच फ्यूज काढावा, तसं हे.

पण फ्यूज काढण्याचीही किंमत असते. टीबीच्या जंतूंना कोंडून ठेवायला शरीराला टीएनएफ लागतो. म्हणून अशी इंजेक्शनं सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात. ती महागही आहेत आणि रोग मुळापासून जात नाही. बऱ्या झालेल्या जागी काही टी-पेशी 'मेमरी' जपून बसतात, त्यामुळे औषध थांबवल्यावर चट्टा बरेचदा त्याच जागी परत येतो. सगळ्यांनाच इंजेक्शन लागतं असंही नाही. सौम्य आजार मलमांनी, प्रकाशोपचारांनी आटोक्यात राहतो. मात्र मेडिकलमधून मनानेच स्टिरॉइड घेऊ नका. ते एकदम बंद केल्यास रोग उलटून वाढू शकतो. सांधे दुखू लागले तर तेही डॉक्टरांना सांगावं, कारण हाच दाह सांध्यांतही उतरू शकतो.

ताणाने हा रोग वाढतो, हे वर लिहिलंच आहे. मेसमधली रिकामी खुर्ची हासुद्धा ताणच. त्याच्या त्वचेतला लूप तोडायला डॉक्टर आहेत. हा दुसरा लूप तोडायला औषध लागत नाही. माझी बादली आता पुन्हा बाथरूममध्ये, त्याच्या बादलीशेजारी असते.