चिठ्ठी परत टाकत नाहीत तेव्हा

संभाव्यता शिकवताना मी फासे-पत्ते घेत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या पोरांनी सरपंचपदाची सोडत पाहिलेली असते. तीच घेतो. समजा एका प्रवर्गात दहा गावं आहेत आणि त्यांतली पाच महिलांसाठी काढायची आहेत.

1. आधी-नंतरचं भय बाळगू नये. "पहिल्या दोन चिठ्ठ्यांत आलो नाही, आता कुठलं!" असं लोक म्हणतात. पण सोडतीआधी हिशेब मांडा. आपलं गाव तिसऱ्या चिठ्ठीला निघण्याची संभाव्यता 9/10 × 8/9 × 1/8, म्हणजे 1/10. पहिल्या चिठ्ठीलाही तेवढीच.

2. चिठ्ठ्या एकमेकींना बांधलेल्या असतात. शेजारचं गाव निघालं की आपली संधी 1/2 वरून 4/9 वर येते. या बांधिलकीचा मला फार आदर वाटतो. त्या दहांतली चार गावं आपल्या पट्ट्यातली धरा. अपेक्षित मूल्य दोन गावं. प्रत्येक गावासाठी वेगळा छापा-काटा केला, तरी तेवढंच. फरक प्रचरणात, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरतात त्यात, पडतो. छापा-काट्यात ते 1 असतं, सोडतीत 2/3. चारही गावं महिला सरपंचाविना राहण्याची संभाव्यता छापा-काट्यात 1/16, सोडतीत फक्त 1/42. निम्म्या जागांचा हक्क अख्ख्या पट्ट्याला सहसा चुकत नाही, तो यामुळे.

3. दहाच्या दहा चिठ्ठ्या काढल्या तर प्रचरण शून्य. अंदाज करायला काही उरतच नाही.

4. पीक कापणी प्रयोगात मात्र चिठ्ठी परत न टाकण्याच्या या गुणावर विसंबू नये. शेतं यादृच्छिक पद्धतीनं निवडून उत्पादन काढण्याची रीत 1940च्या दशकात रुजवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे अग्रणी होते. पीक विम्यासाठी महसूल मंडळात सोयाबीनचे दहा प्रयोग झाले आणि शेतं तीन हजार असली, तर तेच शेत पुन्हा न निवडल्यानं प्रचरण 2990/2999 पट होतं, म्हणजे जवळपास तेवढंच राहतं. इकडे बालाघाटच्या डोंगराच्या एका अंगाला पाऊस, दुसऱ्या अंगाला उघडीप. शेताशेतांत एवढा फरक असताना अंदाजातली चूक निम्मी करायची तर दहाचे चाळीस प्रयोग लागतात. माणसं कमी पडतील, हे खरं. तरी विम्याची भरपाई ठरवताना ही सरासरी धरली जाते, म्हणून मी प्रयोग वाढवाच असं म्हणेन.