सीडीवरील रंगरेषा व पुंजविज्ञानाची ओळख

पुंजविज्ञान हे नाव ऐकताच प्राथमिक शिक्षक बिचकतो, यात नवल नाही. तरीही सातवीच्या वर्गात या विषयाचे बीज पेरता येते. त्यास एक जुनी सीडी, तारेचा दिवा आणि जुना सीएफएल दिवा एवढे साहित्य पुरे. सीएफएलमध्ये पारा असतो; तो फुटणार नाही याची काळजी घ्यावी. सीडीत सूर्याचे प्रतिबिंब मुलांना मुळीच पाहू देऊ नये.

वर्गात अंधार करून सीडी तिरपी धरावी. तारेच्या दिव्याचा तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत अखंड पट्टा दिसतो. सीएफएलचे मात्र तांबडे, हिरवे, निळे असे सुटे पट्टे दिसतात व मध्ये काळोख राहतो. येथे शिक्षकाने लगेच उत्तर सांगू नये. मधले रंग कोठे गेले, हा प्रश्न मुलांनाच पडू द्यावा.

नंतर डोंगरउतारावरील भातखाचरांची आठवण द्यावी. पाणी वरच्या खाचरातून खालच्यात उतरते. अणूतील इलेक्ट्रॉनही ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्यांवरच असतो व खाली येताना प्रकाश देतो. उडी मोठी तर निळा, लहान तर तांबडा. मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्यास वीज देते, तेथेही उतार जितका खोल तितकी ऊर्जा अधिक. मात्र उपमेची मर्यादा सांगावी: पाणी बांधावर मध्येच थांबू शकते, इलेक्ट्रॉनास दोन पायऱ्यांमध्ये जागाच नाही. प्लांक यांनी १९०० मध्ये ऊर्जेचे पुंज कल्पिले, बोर यांनी १९१३ मध्ये अणूतील पायऱ्या मांडल्या. व्याख्या फळ्यावर लिहावयाची ती या सर्वांनंतर. आधी लिहिली तर मुले ती पाठ करतात आणि प्रश्न विझतो.

मुळशीच्या पूर्व सीमेलगत, पाषाण येथे, २००६ साली स्थापन झालेली आयसर ही संस्था आहे. बारावी विज्ञाननंतर प्रवेशपरीक्षा देऊन तेथील पाच वर्षांच्या बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रमास जाता येते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. अशा प्रयोगशाळांना निर्वात पंप, लेसर व विद्युतमंडले सांभाळणारे कुशल हातही लागतात; तेव्हा आयटीआय व पदविकेचा मार्गही मुलांपुढे ठेवावा.

वाडीवस्तीवरील अनेक मुलांना, विशेषतः मुलींना, विज्ञानशाखेसाठी घर सोडावे लागते, आणि तेथेच पुष्कळांचे शिक्षण अडते. म्हणून मधल्या काळोखाविषयी जिने प्रश्न विचारला, तिच्या पालकांशी शिक्षकाने सातवीतच बोलावे. दहावीच्या निकालाची वाट पाहू नये.