दिवाळीची पोस्त कशी द्यावी?

॥ श्रीगुरवे नमः ॥



दिवाळी जवळ आली. घरोघरी माळे साफ करणे आणि भाजणी दळणे सुरू झाले असेल. म्हणून या वेळचा पाठ घरातल्या व्यवहाराचाच घेतला आहे. धुणीभांडी करणाऱ्या मावशी, दूधवाले, पेपर टाकणारा मुलगा, वॉचमन, आजी-आजोबांना सांभाळणाऱ्या ताई, यांना सणाचे काय, केव्हा आणि कसे द्यायचे, ते पाहू.

आपण हिला पोस्त म्हणतो. बडोद्याकडे बोणी म्हणतात, इंदूर-ग्वाल्हेरला त्योहारी, तर हैदराबादला दसऱ्यालाच मामूल मागायला येतात. नावे वेगळी, पण रीत एकच. वर्षभर ज्यांच्या कष्टावर आपले घर चालले, त्यांचाही सण गोड व्हावा.

*गीता काय सांगते?*

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात, २० ते २२ या श्लोकांत, दानाचे तीन प्रकार आहेत. द्यायलाच हवे म्हणून, परतफेडीची आशा न ठेवता, योग्य वेळी, योग्य ठिकाणी आणि योग्य माणसाला दिले ते सात्त्विक. बदल्यात काही मिळावे म्हणून किंवा जिवावर आल्यासारखे दिले ते राजस. भलत्या वेळी, अपात्राला, किंवा मान न राखता तुच्छतेने दिले ते तामस.

आता हे आपल्या घरात लावून पाहू. "पोस्त देते, पण आधी सगळे पंखे आणि जाळ्या पुसून दे," असे म्हटले की ते राजस झाले. जादा कामाचे पैसे वेगळे, पोस्त वेगळी. मार्चमध्ये घेतलेली उचल पोस्तीतून कापली, खाडे मोजून दाखवले, तर तेही राजसच. भाऊबीज उलटल्यावर उरलेला चिवडा आणि विटक्या साड्या पिशवीत भरून दिल्या, तर वेळही गेली आणि मानही गेला.

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो. ती केरसुणी वर्षभर ज्या हातात असते, त्या हातात पाकीट लांबूनच टाकले, तर पूजा अर्धीच राहिली म्हणायची.

*किती द्यावे?*

दरवर्षी घरोघरी हा प्रश्न पडतो. १९६५ च्या बोनस कायद्याने किमान बोनस ८.३३ टक्के ठरवला. म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, सरळ एक महिन्याचा पगार. तो कायदा कारखाने आणि मोठ्या आस्थापनांसाठी होता, घरकामाला तो लागू नव्हता. पण आपल्या घरातल्या कोणी नोकरीत बोनस घेतला असेल, तर तेच माप मावशींनाही लावायला काय हरकत आहे?

▪️ वर्षभर काम केले असेल तर एक महिन्याचा पगार.
▪️ मध्येच कामाला लागल्या असतील तर तितक्या महिन्यांचा हिस्सा. महिना २,४०० रुपये आणि आठ महिने काम झाले, तर १,६०० रुपये.
▪️ पेपरचे बिल एजन्सीला जाते, टाकणाऱ्या मुलाच्या हाती ते सगळे येत नाही. त्याचे पाकीट वेगळे करावे.
▪️ सोसायटीने वॉचमन आणि सफाईवाल्यांसाठी वर्गणी काढली असेल तर ती वेळेवर भरावी. आपल्यामुळे कोणाचे पाकीट अडू नये.
▪️ पोस्टमनकाका सरकारी नोकर. केंद्र सरकारी नोकरांच्या १९६४ च्या आचारनियमांत भेटवस्तू घेण्यावर बंधने आहेत, पण साधा पाहुणचार त्यात भेट धरला जात नाही. त्यांना बसवून चहा-फराळ द्यावा.

ओढाताण असेल तर कर्ज काढून देऊ नये. "मावशी, यंदा अर्धाच पगार जमतोय," हे आधी मोकळेपणाने सांगावे, म्हणजे त्यांनाही आपला हिशेब जुळवता येतो.

*केव्हा आणि कसे?*

वसुबारसेच्या आधीच द्यावे. त्यांनाही तेल, रवा, मुलांचे कपडे घ्यायचे असतात. पाडव्याला मिळालेल्या पैशांचा त्याला उपयोग नाही. सण घेणाऱ्याचा पाहावा. ड्रायव्हरदादा मुसलमान असतील तर ईदला, घरी येणाऱ्या ताई ख्रिस्ती असतील तर नाताळला. गोव्यात ज्यांच्याकडे चवथ मोठी, त्यांनी चवथीला दिले तरी चालेल.

पैसे पाकिटात घालावेत, चारचौघांत मोजू नयेत. फराळ द्यायचा तर पहिल्या घाण्यातला, घरच्यांसाठी काढतो तसाच डब्यात भरून. चहा आपल्याच कपात. घरातल्या मुलांच्या हातून द्यावे, त्यांना दोन्ही हातांनी द्यायला आणि नमस्कार करायला शिकवावे. ज्या घरी मूल मावशींना नावाने आणि एकेरीत हाक मारते, तिथे पाकीट कितीही जाड असले तरी मान राहिला नाही.

*एक नाजूक गोष्ट*

उत्सवाची वर्गणी आणि दिवाळीची पोस्त एकाच महिन्यात आली की ओढ बसते. मग "सेवेत दिलंय ना," म्हणून मावशींचे पाकीट बारीक होते. साधकहो, असे करू नये. वर्गणी ही आपल्या इच्छेची, पोस्त ही झालेल्या कष्टांची. दोन्ही जमत नसेल तर वर्गणी कमी करा, उत्सव काही अडत नाही. कष्टकऱ्याचे राखून गुरूंच्या पायाशी वाहिलेले फूल कोणत्या गुरूंना आवडेल?

*या आठवड्याचा नेम*

आज रात्री जेवणानंतर सगळ्यांनी मिळून यादी करा. आपल्या घरासाठी कोण कोण राबते? त्यांचे पूर्ण नाव आपल्याला माहीत आहे का? त्यांच्या घरी कोण असते? ज्यांचे नाव आठवले नाही, त्यांना उद्या आदराने विचारा. मग पाकिटे करा, प्रत्येकावर नाव लिहा आणि वसुबारसेच्या आधी हातात द्या.

हा पाठ आपापल्या कुटुंबाच्या ग्रुपवर मोठ्याने वाचून दाखवावा, ही विनंती.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏